नोकरीचा अर्ज आणि आपला बायोडाटा



बायोडाटा म्हटले की आपल्याकडे आधी लग्नाचा आठवतो. त्यात मामाचे गाव लागते. नोकरीसाठी लागते ते तुम्ही केलेले काम. आणि नेमके तेच आपली मुले लिहीत नाहीत. वडिलांच्या फळांच्या गाळ्यावर चार वर्षे हिशेब ठेवणारा मुलगा ‘अनुभव नाही’ असे लिहितो! अरे, उधारी वसूल करणे हा अनुभव नव्हे काय? रोज किती गिऱ्हाइके, किती रुपयांचा हिशेब, ते आकड्यांत लिहा. घरी शिवणकाम करणाऱ्या मुलींनीही लिहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले हाताने काम करून शिकली. त्या साताऱ्यात कामाची लाज कसली?

दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आणि आधार कार्डावर ‘मुलाणी’ असेल, तर निवड होऊनही कागद तपासताना अडते. पालकांनी मूल शाळेत असतानाच हे दुरुस्त करून घ्यावे. नंतर बहुधा राजपत्रापर्यंत जावे लागते, हेलपाटे वेगळेच.

बाकी मजकूर एका पानात बसवा, आणि पाठविण्यापूर्वी आपल्या गुरुजींना एकदा वाचायला द्या.