'खोल आणि व्यापक कट' : एका आरोपाची पन्नास वर्षे

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



२६ जून १९७५ रोजी सकाळी आकाशवाणीवरून देशाला आणीबाणीची वार्ता मिळाली. त्या भाषणात पंतप्रधान इंदिरा गांधींनी सांगितले त्याचा आशय असा : सामान्य स्त्री-पुरुषांच्या हिताची काही प्रगतिशील पावले आपण उचलू लागलो, तेव्हापासून एक खोल आणि व्यापक कट शिजत होता. या वाक्याची बांधणी पाहा. आधी जनता, मग जनतेचे भले करणारी मी, आणि त्यानंतर कट. माझा विरोधक तो जनतेचा शत्रू, हे समीकरण एकदा पक्के झाले की विरोधकाला उत्तर देण्याचे प्रयोजनच उरत नाही.

याची पायाभरणी १९७१ साली झाली होती. विरोधक 'इंदिरा हटाओ' म्हणत होते. बाईंनी 'गरीबी हटाओ' म्हटले आणि लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या. पुढे दुष्काळ आला, तेलाच्या किमती कडाडल्या, महागाईने गृहिणींचे कंबरडे मोडले, गुजरात आणि बिहारमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. लोकानुनयी नेतृत्वाची खरी अडचण अशा वेळी उघडी पडते. 'मी म्हणजेच जनता' असा ज्याचा दावा, त्याला 'माझे चुकले' असे म्हणता येत नाही. अपयशाचा धनी बाहेरच शोधावा लागतो. तो 'विदेशी हात' या नावाने सापडला. या हाताचा उल्लेख पुढे इतका नित्याचा झाला की, स्वतंत्र पक्षाचे पिलू मोदी 'मी सीआयएचा हस्तक आहे' अशी पाटी गळ्यात घालून संसदेत आले!

पण थट्टेने अशा कथा मरत नाहीत, कारण त्यांत सत्याचा एखादा कण असतो. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत अध्यक्ष आयेंदे यांची राजवट लष्कराने उलथली. त्यांच्या विरोधकांना सीआयएने पैसा पुरवला होता, हे पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशीतच नोंदले गेले. बाईंची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की चिलीत घडले तेच बिहारमध्ये घडत आहे, याला पुरावा कोणता होता?

जानेवारी १९७५ मध्ये समस्तीपूरच्या बॉम्बस्फोटात रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांचा बळी गेला. ही रंगीत तालीम होती, खरे लक्ष्य आपणच, असे बाईंनी तेव्हा सुचवले. खटला जवळजवळ चाळीस वर्षे चालला. डिसेंबर २०१४ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. ते आनंदमार्गी पंथाशी संबंधित होते आणि तुरुंगातील पंथप्रमुखाच्या सुटकेसाठी दबाव आणणे हा हेतू होता. म्हणजे कट होता. पण लोकांच्या मनात बिंबवला गेला तो हा नव्हे.

आणि जयप्रकाशजी? पोलीस व लष्कराने बेकायदा आदेश पाळू नयेत, हे त्यांचे आवाहन त्या वेळी अनेक सुज्ञांनाही खटकले होते. परंतु ते २५ जूनला रामलीला मैदानावर, प्रचंड जनसमुदायासमोर केलेले होते. कट असा ध्वनिक्षेपकावरून होत नसतो. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बाईंची निवडणूक रद्द केली. तेव्हापासून आणीबाणीपर्यंत कायदा व सुव्यवस्था कोलमडल्याचा कोणताही अहवाल गुप्तवार्ता विभागाने गृहखात्याला दिलेला नव्हता, हे शहा आयोगाने नमूद केले. पण तोवर एकवीस महिने उलटून गेले होते.

त्या एकवीस महिन्यांतली एक आठवण सांगतो. ४ जुलैला संघावर बंदी आली आणि काही दिवसांनी वडिलांना 'मिसा'खाली नेले. मी दुसरीत होतो. शेजारी एक शिक्षिका राहत. अत्यंत सरळ बाई, आईला चोरून साखर आणून देणाऱ्या. एका संध्याकाळी त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "वहिनी, रागावू नका, पण यांच्याकडे बाहेरून पैसे येत होते का हो?" आमच्या घरी तेव्हा दुधाचे बिल थकलेले होते आणि हे त्यांना ठाऊक होते! आई म्हणाली, "तुम्ही रोज घर पाहता ना आमचं?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते खरं हो. पण एवढं सरकार म्हणतंय, म्हणजे काहीतरी असणारच."

मित्रहो, ज्यांच्यावर असा आरोप झाला, त्यांच्या घरांत आज दुसऱ्यावर असा आरोप करणारे संदेश किती सहज फिरतात, हेही मला येथे बोलले पाहिजे. गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका आंदोलनाविषयी मजकूर आला : सगळा पैसा परदेशातून येतो, सूत्रधार बाहेर बसले आहेत. येतही असेल, तसे असल्यास कायदा आहे, न्यायालय आहे. मी पाठवणाऱ्या भाच्याला दूरध्वनी केला आणि विचारले, हे तुला कुठून कळले? मुलगा हुशार आहे, अभियंता आहे. क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मामा, पुरावा माझ्याकडे नाही. पण काहीतरी असणारच."