फोटोची शाळा आणि घरचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी फोटो शिकविणाऱ्या शाळांविषयी चार शब्द बोलणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि कॅमेऱ्यातले मला फारसे कळत नाही. तरीही हा विषय मी घेतला, कारण घरात पैसा कोठून आला, कोठे गेला आणि त्यातून पदरात काय पडले हे पाहण्याचे काम आपण बायकाच करीत असतो. मुलांच्या शिक्षणाचा खर्चही त्यातच येतो.

आपल्याकडे बारावी झालेली पुष्कळ मुले-मुली अलीकडे ‘मला फोटोग्राफी शिकायची आहे’ असे म्हणू लागली आहेत. त्यात नवल नाही. लग्न म्हटले की फोटो, बारसे म्हटले की फोटो, आणि आता तर लग्नाआधीसुद्धा वधूवरांना घेऊन फोटोवाले भाट्याच्या किनाऱ्यावर आणि गणपतीपुळ्याला जातात. हॉटेलवाल्यांना खोल्यांचे फोटो हवेत, आंबेवाल्यांना पेटीचे हवेत. म्हणजे काम आहे. माझ्या धाकट्या मुलीनेही गेल्या वर्षी हाच हट्ट धरला. एका मोठ्या शहरातल्या लहानशा शाळेचा सहा महिन्यांचा वर्ग तिने शोधून काढला. फी 60 हजार रुपये. भिशीचे आणि कलमांच्या उत्पन्नातून बाजूला ठेवलेले मिळून जवळजवळ तेवढेच पैसे आमच्याजवळ होते. धाकटीसाठी म्हणून ठेवलेले ते सगळेच, त्यापलीकडे काही नाही. म्हणून मी या गोष्टीची नीट चौकशी करावयाचे ठरविले. त्यातून जे मला उमगले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट खर्चाची. फी म्हणजे खर्च नव्हे. फी हा खर्चाचा एक भाग. कॅमेरा कोणाचा? त्याचे भिंग, बॅटऱ्या, कार्डे, फोटो सुधारण्यासाठी लागणारा लॅपटॉप, शहरात राहण्याची खोली, खाणावळ, येण्याजाण्याचे भाडे, हे सर्व मांडले तेव्हा फीच्या दुपटीपलीकडे आकडा गेला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तसे झाले. त्यात आपले कोकण दमट. पावसाळ्यात चार दिवस पेटी उघडली नाही तर पापडाला बुरशी येते, तशी ती कॅमेऱ्याच्या भिंगावरही चढते. तेव्हा ओल शोषून घेणाऱ्या पुड्या घालून हवाबंद डब्यात कॅमेरा ठेवावा लागतो. तोही खर्च धरावा.

पूर्वी हा खर्च शाळेच्या माथी असे. आपल्या मुंबईत फोटोची हौस फार जुनी आहे. 1854 साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. दुसऱ्याच वर्षी, 1855 साली, एल्फिन्स्टन संस्थेत फोटोचा वर्ग सुरू झाला. त्या काळी पुढे ज्या रीतीने फोटो काढू लागले, तिच्यात काचेवर रसायन ओतायचे आणि ते ओले आहे तोवरच फोटो काढून धुवायचा, एवढी घाई असे. काच, चांदीचे क्षार, अंधारी खोली, हे एकट्या विद्यार्थ्याला कोठून परवडणार? शाळेत सामान असे म्हणूनच शिकता येई. त्या वर्गातून शिकून निघालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ घातला. या देशात हा धंदा करणाऱ्या पहिल्या देशी लोकांत त्यांचे नाव घेतात.

दादासाहेब फाळके यांचेही तसेच. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली निघालेल्या त्या संस्थेचे प्रमुख प्राध्यापक गज्जर होते. त्यांनी फाळक्यांना संस्थेचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. आज अंधारी खोली गेली आणि रसायनेही गेली, पण सामानाचा खर्च गेला नाही. तो शाळेच्या खोलीतून निघून पालकांच्या खिशात आला. म्हणून शाळेला विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की शिकताना हाताळायला कॅमेरा शाळेचा मिळेल की स्वतःचा आणावा लागेल? शाळेचा असेल तर किती मुलांत एक? आणि सांगितलेली फी जीएसटी धरून आहे की तो वर वेगळा?

दुसरी गोष्ट पटाची, म्हणजे वर्गात मुले किती याची. लहान शाळा मला आवडतात. दहा मुले असली तर शिक्षक प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून शिकवू शकतात. परंतु दहा मुलांच्या फीमध्ये जागेचे भाडे, शिक्षकांचा पगार आणि सामान बसवायचे म्हणजे तारेवरची कसरत. मग काही ठिकाणी त्याच खोलीत तीस मुले घालतात, आणि काही ठिकाणी पुरेशी मुले न आल्याने वर्ग मध्येच बंद पडतो. दोन्हीत नुकसान आपले. म्हणून सगळी फी एकदम भरू नये, हप्त्याने भरावी, पावती घ्यावी आणि वर्ग बंद पडला तर पैसे परत मिळतील असे लिहून घ्यावे.

मोठी, नावाजलेली शाळासुद्धा बुडू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्रूक्स नावाची फोटोची प्रसिद्ध शाळा होती. 1945 साली निघालेली. शिकून बाहेर पडल्यावर किती मिळकत होईल याचे भुलविणारे चित्र ती विद्यार्थ्यांपुढे ठेवते, असा ठपका 2005 साली तेथील राज्याच्या खात्याने तिच्यावर ठेवला होता. 2016 साली ती शाळा बंदच झाली. मग आपण शंभर मैलांवरच्या दोन खोल्यांच्या शाळेला प्रश्न विचारताना भीड कशाला धरावी?

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिकून काय झाले? मी ज्या शाळेची चौकशी केली, तेथील बाईंनी मला तीन माजी विद्यार्थ्यांची कामे दाखविली. सुरेख होती, खोटे कशाला बोलू. मी विचारले, ‘त्या वर्षी एकूण किती मुले आली होती? पुरे किती जणांनी केले? आणि आज या धंद्यावर पोट किती जणांचे चालते?’ त्यावर त्यांनी पुन्हा तीच तीन नावे सांगितली.

मैत्रिणींनो, रोपवाटिकेत हापूसची कलमे घ्यायला गेलो आणि मालकाने फळांनी लगडलेले एकच झाड दाखविले, तर आपण तेवढ्यावर पैसे देतो का? आपण विचारतो, शंभर लावली त्यातली जगली किती आणि फळ धरायला वर्षे किती लागली. मुलांच्या बाबतीत मात्र ते एक झाड पाहूनच आपण भुलतो. आपण एक हिशेब मांडून पाहू. समजा, वीस मुले आली. चौदांनी पुरे केले. दोन वर्षांनी पाच जण त्यावर मिळवीत आहेत. तर ‘आमची पाच मुले यशस्वी झाली’ हे म्हणणे खरेच आहे, पण वीसांतली पंधरा घरे पैसे घालून बसली, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा शिक्षकांकडून तीनही आकडे घ्यावे आणि माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांतिघांना आपण स्वतः निवडून भेटावे.

मिळकतीचाही नीट विचार करावा. आपल्याकडे लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पाऊस लागला की संपतात. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. मध्ये गणपतीत थोडे काम मिळते. म्हणजे मिळकत सात महिन्यांची, पण कॅमेऱ्यासाठी कर्ज काढले तर त्याचा हप्ता बारा महिन्यांचा. हातात कला असूनही गिऱ्हाईक नसले तर काय होते, हे फाळक्यांच्या चरित्रातही दिसते. फोटो काढल्याने माणसाची शक्ती जाते आणि मरण येते अशी समजूत पसरल्यामुळे बडोद्यात त्यांचा फोटोचा धंदा चालला नाही, असे सांगतात. पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने गहाण टाकू दिले, फिल्मला भोके पाडणे आणि ती धुणे ही कामे त्या घरी शिकल्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. त्या कोणत्या शाळेत गेल्या नव्हत्या. रोजच्या कामातून शिकल्या.

मग ज्यांच्याजवळ पैसा थोडा, त्यांनी काय करावे? एक वाट आपल्या गावातच आहे. 1982 साली कर्नाटकात उजिरे येथे बेकार तरुणांना धंदा शिकविणारी एक संस्था निघाली. तिच्या धर्तीवर 2009 पासून केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू करविल्या. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. तिची अशी संस्था रत्नागिरीत आहे. या संस्थांच्या अभ्यासक्रमांत फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफीचा महिनाभराचा वर्ग आहे. शिकणे, राहणे, जेवणे सर्व विनामूल्य. मुख्यतः खेड्यातल्या गरीब घरच्या मुलामुलींसाठी ही सोय आहे. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. वर्ग संपला की काम संपले असे तेथे नाही. शिकून गेलेल्याचा धंदा लागला की नाही याची दोन वर्षे विचारपूस करावयाची आणि किती जणांचे बस्तान बसले ते मोजावयाचे, असा नियमच आहे. मी खासगी शाळेला विचारलेला तिसरा आकडा तो हाच. आपण संस्थेत जाऊन फोटोची तुकडी केव्हा आहे ते विचारावे आणि अर्ज देऊन ठेवावा.

महिनाभरात कोणी मोठा कलावंत होत नाही, हे मान्य. पण मुलीला त्या कामात खरोखर गोडी आहे की नुसती हौस आहे, एवढे कळायला महिना पुरतो. पुढे सामान घ्यायचे झाले तर 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पहिल्या पायरीला 50 हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. आपले दागिने कपाटात राहतात.

आमच्या घरी आम्ही असे ठरविले. मुलीने एक लग्नसराई ओळखीच्या फोटोवाल्यांच्या हाताखाली काम करावे. दिवे धरावे, सामान उचलावे, रात्री बसून हजार फोटोंतून शंभर निवडावे. तिचे पैसे पोस्टात तसेच ठेवले आहेत. वैशाखात, लग्नाच्या उकाड्यात चौदा तास उभी राहून घरी आल्यावरही तिला दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले, तेव्हा मला धीर आला. आता कोणत्या शाळेत जायचे ते तीच तीन आकडे विचारून ठरविते आहे. तिच्या वडिलांना अजून हे पटलेले नाही. ‘मुलीच्या जातीला रात्रीबेरात्रीची कामे कशाला?’ असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. परतीची सोय आणि सोबत कोण, हे मी प्रत्येक कामाच्या आधी विचारते.

पण बायका या कामात नव्या नाहीत. होमाई व्यारावाला यांचा जन्म 1913 सालचा, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री. आरंभी त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पहिल्या फोटोंना ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने प्रत्येकी एक रुपया दिला होता. 2011 साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. मला त्या पद्मविभूषणाइतकेच त्या एका रुपयाचे महत्त्व वाटते. कामाचा मोबदला पहिल्या दिवसापासून मिळाला.

येथे आपल्याला थोडे कडू बोलले पाहिजे. शेजारची मुलगी कॅमेरा घेऊन आली की आपण म्हणतो, ‘आमच्या बाळाचे चार फोटो काढ गं, घरचीच तू!’ पैसे मात्र बाहेरच्याला देतो. मग ती शिकून मिळविणार कोठून? शाळेचा निकाल चांगला लागायचा तर गिऱ्हाईक आपणच व्हावयास हवे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, पुढच्या वर्षी वर्धापनदिनाचे फोटो आपल्या आळीतल्या शिकलेल्या मुलीकडून ठरलेला दर देऊन काढून घ्यावे. दोन, मंडळाने एक वही घालावी. आपल्यापैकी कोणाच्या मुलामुलीने कोणत्या वर्गाला, फोटोच्या, शिवणाच्या की संगणकाच्या, किती पैसे भरले, एकूण खर्च किती आला, बरोबरीची किती मुले टिकली आणि दोन वर्षांनी काय मिळते आहे, हे तिच्यात लिहावे. पाच वर्षांत ती वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडेल. लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. सातवीचे अक्षर तेवढ्याला पुरेसे आहे.