सर्वांसाठी एकच, म्हणजे समान?



महापालिकेने एखाद्या समाजगटाच्या संस्थेला अनुदान दिले की लगेच सूर लागतो, ‘यांचेच लाड कशाला? सर्वांना सारखे द्या.’ ऐकायला ते न्याय्य वाटते. लंडनमध्ये हा युक्तिवाद कोर्टात तपासला गेला.

‘साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था 1979 पासून आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांसाठी काम करते. त्यात हिंदू, मुस्लिम, शीख सगळ्या आल्या. घरात मारहाण, जबरदस्तीचे लग्न, व्हिसा नवऱ्याच्या हातात. अशा वेळी तिची भाषा आणि तिचे घर समजणारे माणूस लागते. ईलिंगची स्थानिक कौन्सिल या कामाला अनुदान देत असे. पुढे तिने ठरवले, पैसा सर्वांसाठीच्या एकाच सेवेला द्यायचा. प्रकरण हायकोर्टात गेले. जुलै 2008 मध्ये सुनावणी चालू असतानाच कौन्सिलने माघार घेतली. तरीही न्यायालयाने बजावले : विशिष्ट गटासाठीची सेवा समतेच्या आड येत नाही; आणि निर्णयाचा वांशिक समतेवर काय परिणाम होईल, हे आधी तपासायचे असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडेही चाचणी आधी, रिलीज नंतर. उलटे केले तर ती सारवासारव.

म्हणून आपल्या शहराचे बजेट येईल तेव्हा ‘आम्हाला किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘या निर्णयाने कोणाचे दार बंद होणार, हे कोणी तपासले?’ असे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.