पत्र अडले कोठे?
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड्. झालेला साधा शिक्षक. तरीही आज एका यंत्राची हकीगत सांगणार आहे, कारण तिच्यातून मी वर्गात उपयोगी पडेल असे काही शिकलो.

जळगावात माझ्या बहिणीच्या घरी प्लॅस्टिकच्या चटयांचा लहानसा घाऊक व्यापार आहे. माझ्या भाच्याने बी.कॉम. करता करता स्वतः शिकून, घरातल्या जुन्या संगणकावर धंद्याच्या ई-मेलचा सर्व्हर उभा केला. दीड वर्ष तो बिनतक्रार चालला. मग धुळ्याच्या जुन्या व्यापाऱ्याचा निरोप आला, "पत्राला उत्तर नाही. धंदा बंद केला की काय?" वीस वर्षांचा संबंध! मेहुण्यांनी पोराला सर्वांदेखत सुनावले, तो डबा भंगारात घाल म्हणाले. पोरगा त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "मामू, मी रोज तपासतो. स्वतःलाच पत्र पाठवतो, ते लगेच येते."

चूक नेमकी येथे होती. स्वतःला पाठवलेले ते पत्र घराचा उंबरठासुद्धा ओलांडत नव्हते! मी म्हटले, "बेटा, माझ्या मोबाईलवरून, घरचे वायफाय बंद करून पाठवू." ते पत्र आले नाही. आता निदान दोष आहे, एवढे सिद्ध झाले.

मित्रांनो, आपल्या टपालाला १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड आहे. जळगावचा ४२५००१, धुळ्याचा ४२४००१. ई-मेललाही असाच पत्ता लागतो. धंद्याच्या नावापुढे सर्व्हरचा आयपी क्रमांक नोंदलेला असतो, आणि जगभरचे सर्व्हर ती नोंद पाहून पत्र आणतात. दोन महिन्यांपूर्वी पैसे वाचावेत म्हणून घरी स्वस्त इंटरनेट जोडणी घेतली होती. जुन्या जोडणीचा क्रमांक कायमचा होता. नवीचा मात्र वीज जाऊन आली की बदलत असे. बिऱ्हाड बदलले, पण पत्ता जुनाच राहिला! धुळ्याच्या सर्व्हरने काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी पत्र परत केले.

जाणारी पत्रेही अडली होती. सर्व्हर सर्व्हरला पत्र देतो ते २५ क्रमांकाच्या दारातून, ज्याला पोर्ट म्हणतात. घरगुती जोडणीवर हे दार पुष्कळदा बंद ठेवतात, कारण बिघडलेल्या संगणकांतून नको त्या जाहिराती सुटतात. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली तेव्हा आमचे दरपत्रक रांगेतच पडलेले दिसले.

कायम क्रमांकाची जोडणी घेतली, लेखी अर्ज करून ते दार उघडून घेतले, नोंद बदलली. पत्रे येऊ लागली. पण पाठवलेली काही ५५० हा आकडा घेऊन परत आली. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी या नियमांत दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे स्वीकारले, चारने म्हणजे तूर्त अडचण, पाचने म्हणजे साफ नकार. नकाराची दोन कारणे निघाली. नव्या क्रमांकावरून आमचे नाव उलट शोधता येत नव्हते, आणि आमच्या वतीने कोणी पत्र पाठवावे हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत जुनाच क्रमांक होता. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी या बाबतीत अधिक कडक धोरण धरले आहे. दोन्ही नोंदी एकेक करून दुरुस्त केल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा तपासले.

पालकांनो, लहान धंद्याने सर्व्हर घरी ठेवावाच असे मी म्हणत नाही. वीज, राखीव प्रत, रोजची देखरेख हे जमत नसेल तर महिन्याचे भाडे भरून टपालपेटी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. पण मुलाचे काम बिघडले तर त्याला रागावण्याआधी एवढेच विचारा, "कोठपर्यंत नीट चालले?" आणि विद्यार्थ्यांनो, आपले काम आपणच तपासून बरोबर म्हणू नका, ते घराबाहेरून तपासा.

सर्व सुरळीत झाल्यावर भाचा एरंडोल-पारोळ्यावरून बसने धुळ्याला गेला आणि व्यापाऱ्याला स्वतः भेटून चूक सांगून आला. मेहुणे मला काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी त्या 'डब्या'साठी इन्व्हर्टर आणून ठेवला.