कर्ज आई-बापाचं, काळजी लेकरांची
(काठी येथील वर्धापनदिनाच्या भाषणातून)



सावकारांना लगाम घालणारं विधेयक बाबासाहेबांनी १९३८ साली तयार केलं होतं. सावकाराची वही आपण ओळखत होतो. आता निवृत्त वडिलांच्या खिशात क्रेडिट कार्ड आलं आहे. दवाखान्याला, होळीच्या खरेदीला ते चालतं. बिलावरची ‘किमान रक्कम’ भरली की फिटलं, असं म्हाताऱ्या माणसाला वाटतं. पण फिटत नाही! पुष्कळ कार्डांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. २०,००० बाकीवर महिन्याला ७०० रुपये नुसतं व्याज.

तरुणांनो, आई-बापावर ओरडू नका. ओरडलात तर ते पुढचं बिल लपवतील. शेजारी बसून बिल वाचून दाखवा. कार्ड वापरणं थांबवा. बाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून द्या, असा लेखी अर्ज बँकेला करा. व्याज चुकीचं लावलं असेल तर तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली. त्यातलं एक, कुणाचं देणं नसणं. ते सुख आई-बापाला मिळवून देऊ या.

नमो बुद्धाय! जय भीम!