शालेय वर्षाची अखेर आणि सेवेचा संस्कार



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपला की वर्ष संपले, असे घरोघरी मानले जाते. निकाल १ मे रोजी, तोवर मुलांनी शाळेत येऊन करायचे काय, हा प्रश्न पालकही विचारतात आणि मुलेही. २०२५ मध्ये राज्यभरातील पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकानुसार एप्रिलच्या अखेरपर्यंत लांबल्या, त्यामुळे परीक्षेनंतरचा मोकळा काळ अधिकच आक्रसला. म्हणून वर्षअखेरीच्या उपक्रमांची आखणी आता मार्चमध्येच व्हावयास हवी. परीक्षेनंतर वेळ उरला तर पाहू, ही वृत्ती यापुढे चालणार नाही.

शासकीय धोरणानेही यासाठी जागा करून दिली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची योजना आहे. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांच्या सहवासात मुलांनी हे दिवस घालवावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. २०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही आला. प्रश्न उरतो तो हे दिवस कशाने भरायचे, याचा.

या वयाचे मूल मोठे विलक्षण असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उपदेश नकोसा वाटतो. परंतु खरे काम विश्वासाने सोपविले तर ते जीव ओतून करते. ते काम खोटे आहे, केवळ छायाचित्रापुरते आहे, हेही त्याला चटकन कळते. हातात झाडू देऊन आधीच झाडलेल्या अंगणात रांगेने उभे केलेले मूल त्या दिवशी स्वच्छता शिकत नाही, देखावा शिकते. सेवेच्या नावाखाली दिलेला हा कुसंस्कार पुसणे फार कठीण असते.

खरी कामे शोधण्यासाठी कन्नडकरांना दूर जावे लागत नाही. शेजारीच सुमारे २६० चौरस किलोमीटरचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक ठप्प झाली आणि पायथ्याच्या चाळीसगाव परिसरात पुराने हाहाकार माजविला. डोंगर, झाड आणि पाणी यांचे नाते येथील मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. चिंच, करंज, बहावा यांचे बी उन्हाळ्यात गोळा करता येते. ते निवडून, वाळवून, जातवार पुड्या बांधून ठेवायचे आणि पावसाच्या तोंडावर शाळेच्या रोपवाटिकेत लावायचे. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र वनखात्याच्या अनुमतीविना काहीही उचलायचे नाही, हा नियमही मुलांनी याच निमित्ताने शिकावा.

दुसरे काम विहिरींच्या नोंदीचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तोच धडा गावच्या चार-पाच विहिरींवर गिरविता येईल. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, कठड्याबाहेर न वाकता, गाठी मारलेला दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचे आणि दिनांकासह वहीत लिहायचे. सातवीच्या वर्गाने सुरू केलेली ही वही पुढच्या सातवीच्या हाती गेली, तर पाच-सहा वर्षांत गावापाशी स्वतःच्या पाण्याचा लेखी इतिहास उभा राहील. सरासरी आणि आलेख हे गणितातले घटक तेव्हा पुस्तकाबाहेर येऊन मुलांशी बोलू लागतील.

तिसरे काम अधिक नाजूक आहे. या डोंगरी पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासोबत गेलेले मूल वर्गात येते, तेव्हा वर्ष सरत आलेले असते. बाकावरचा सोबती पुढे निघून गेलेला असतो आणि त्या मुलाच्या मनात शाळा सोडण्याचा विचार डोकावू लागतो. अशा प्रत्येक मुलाला वर्गातील एक सोबती द्यावा. रोज तासभर दोघांनी मिळून वाचावे, उदाहरणे सोडवावीत, राहिलेल्या वह्या पूर्ण कराव्यात. हे शिक्षकांच्या अध्यापनाला पर्याय ठरणार नाही. पण आपली कुणीतरी वाट पाहत होते, ही भावना त्या मुलाला शाळेत टिकवून धरू शकते. येथे उपकाराची भाषा कटाक्षाने टाळावी. ऊसाच्या फडावर वावरलेल्या मुलाने जे पाहिले, सोसले, ते ऐकण्यासारखे असते. सोबत्यानेही त्याच्याकडून शिकावे.

पालकांच्या शंका रास्त आहेत. ऊन कडक असते, म्हणून बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत आटोपावीत. गुणांचे काय, असे कुणी विचारील. या कामांना गुण नसलेलेच बरे. गुण आले की सेवेची स्पर्धा होते. आणि श्रमाची कामे विशिष्ट मुलांवर ढकलली जाणार नाहीत, मुलगे-मुली सारखेच झाडतील, सारखेच मोजतील, याकडे शिक्षकांनी जातीने लक्ष द्यावे.

सातमाळ्याच्या कुशीतील पितळखोरा लेण्यांना मुलांची सहल जातेच. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून खोदल्या गेलेल्या या बौद्ध लेण्यांत दानाचे लेख आहेत. त्यांत प्रतिष्ठान म्हणजे पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव आहे, राजवैद्य मगिल आहे. येथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. व्यापारी, वैद्य, कारागीर यांनी आपापल्या परीने वाटा उचलला, तेव्हा ते कार्य उभे राहिले. सहलीत मुलांना हे लेख दाखवावेत आणि भिंतीवर स्वतःचे नाव खरडणे व काही घडवून नाव मागे ठेवणे यांतील अंतर त्यांनाच शोधू द्यावे.

सगळे एकदम करण्याचा अट्टाहास नको. प्रत्येक शाळेने एकच काम निवडावे, परंतु ते किमान तीन वर्षे सोडू नये. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकासोबत त्या कामाची वहीही पालकांसमोर ठेवावी. काय साधले, काय राहिले, किती रोपे जगली आणि किती वाळली, हे मुलांनीच वाचून दाखवावे. आणि जूनमध्ये शाळा उघडेल, त्या दिवशी जुन्या वर्गाने ती वही नव्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पालकांनी त्या दिवशी अवश्य उपस्थित राहावे, एवढीच विनंती.