हनिमूनच्या आधीचे पस्तीस तास

तुळशीचं लग्न झालं की पुण्यात कार्यालयांचा सीझन सुरू होतो आणि माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. ‘आम्ही न्यूझीलंडला जातोय, बंजी कुठली करू?’ बंजीचं उत्तर सोपं आहे. क्वीन्सटाऊनजवळच्या कावाराऊ पुलावर ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश यांनी १९८८ मध्ये हा धंदा सुरू केला. तिथली उडी ४३ मीटरची. जास्तच खुमखुमी असेल तर नेव्हिस, १३४ मीटर. झालं. पण त्या पुलापर्यंत पोचायच्या प्रवासाबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते या ट्रिपचा सगळ्यात ॲडव्हेंचरस भाग तोच. आज त्याबद्दलच बोलू.

आधी हिशोब. पुण्यातून लांब पल्ल्याची मोठी विमानं उडत नाहीत. लोहगाव हा एअर फोर्सचा तळ, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. लुफ्थान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफुर्ट सुरू केली होती, पण छोट्या विमानाने, आणि काही वर्षांनी तीही बंद पडली. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालंय, तिथून लांबच्या फ्लाइट्स भरपूर सुटायला लागल्या की आपले दोन तास वाचतील. तोपर्यंत सहार. म्हणजे दुपारी चारला कोथरूडहून कॅब, खंडाळ्याचा घाट, चेंबूरचं ट्रॅफिक, रात्री टी-टू. साडेपाच तास सिंगापूर. तिथे दिवसभराचा थांबा, मग दहा तास क्राइस्टचर्च. उतरता तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा आणि पुण्यात पहाटेचे तीन. घर सोडून पस्तीस तास झाले. त्यानंतर क्वीन्सटाऊनची छोटी फ्लाइट आहेच.

आता यात लग्न मिळवा. हळद, सीमांत पूजन, पहाटेचा मुहूर्त, वरात, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. चार दिवसांत दोघांची मिळून दहा तास झोप. आणि अरेंज्ड मॅरेज असेल तर हे दोघं इतका वेळ सलग एकमेकांशेजारी बसण्याची ही पहिलीच वेळ. तो घोरतो हे तिला इथे कळतं. तिला भूक लागली की तिच्याशी बोलायचं नसतं हे त्याला इथे कळतं. घरी निदान दुसऱ्या खोलीत जाता येतं हो, ३८ सी मधून कुठे जाणार?

म्हणून माझा पहिला सल्ला: सत्यनारायणाच्या रात्रीच निघू नका. मध्ये दोन दिवस ठेवा. सुट्टी कमी आहे हे मान्य, पण आपण रिलीज करतानाही बफर ठेवतोच ना? आणि सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-सिंगापूर एकाची आणि पुढची दुसऱ्याची असं वेगवेगळं काढलंत, तर पहिली लेट झाल्यावर दुसरी चुकली हा तुमचा प्रॉब्लेम. एकाच बुकिंगवर असेल तर पुढे पोचवणं हे त्यांचं काम.

नावाचं पण बघा. पत्रिकेत नवीन नाव छापलं, तांदळात नवीन नाव लिहिलं, सगळं छान. पण तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने. लग्न झालं म्हणून पासपोर्ट लगेच बदलावाच लागतो असं काही नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका. हे मी नवऱ्यांना म्हणतोय.

आता जरा गंभीर विषय, आणि मुलग्यांनो, इथे स्किप करू नका. आपल्याकडे लग्नाची तारीख पाळीच्या आसपास आली की घरातलीच कोणीतरी बाई हळूच सांगते, ‘गोळ्या घे, पुढे जाईल.’ लग्न, मग पूजा, मग देवदर्शन, मग हनिमून. त्या गोळ्या कधी तीन दिवस, कधी पंधरा दिवस चालू राहतात. बऱ्याचदा मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीशिवाय. यात सहसा नॉरइथिस्टेरॉन असतं. पाळी लांबवायच्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात एका इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं तेच. आणि इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते.

दुसरीकडे, तासन्‌तास पाय लटकवून बसलं की पोटरीतलं रक्त वर ढकलणारे स्नायू काम करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये यावरच्या अभ्यासाचे निष्कर्ष दिले होते. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासानंतर पायात गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसांत प्रत्यक्षात तो सहा हजारांत एक, म्हणजे घाबरून तिकीट रद्द करायची गरज नाही. पण गोळ्या, लग्नाची धावपळ, कमी पाणी आणि वर दहा तासांची सीट हे सगळं एकावर एक चढतं. घरात कोणाला आधी गुठळी झाली असेल, मायग्रेन असेल, वजन जास्त असेल किंवा कोणी सिगारेट ओढत असेल, तर अजून. अशा वेळी गोळी घ्यायची की नाही, कुठली घ्यायची, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारायचं. विचारताना ‘पुढच्या आठवड्यात पंधरा तासांचं फ्लाइंग आहे’ हे वाक्य बोलायचं, कारण डॉक्टर ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. आणि पाळी आलीच हनिमूनला, तर आली. इतकं काय त्यात!

विमानात करायचं एवढंच: दोघांपैकी एकाने आईल सीट घ्या आणि ती आळीपाळीने बदला. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत चक्कर. बसल्या बसल्या टाचा वर-खाली. परत आल्यावरसुद्धा दोन-चार आठवडे लक्ष ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर डॉक्टरांकडे. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. ‘ट्रेकमुळे दुखत असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका.

पोटाचंही ऐका. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. नव्या ए-३५० मध्ये तो साधारण सहा हजार फुटांवर असतो तसा, जुन्या विमानांत आठ हजारापर्यंत. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तुम्ही रात्रभर कळसूबाईच्याही वर बसलेले असता, तेही पोटात मठ्ठा, जिलबी आणि मसालेभात घेऊन. गॅस तिथे प्रसरण पावतो. निघायच्या दिवशी मऊ भात खा, उगाच शेजारच्याची परीक्षा नको.

डिसेंबरमध्ये न्यूझीलंड आपल्या साडेसात तास पुढे असतं. पूर्वेकडे जाताना शरीराला लवकर झोपायची सवय लावायची असते, ते अवघड जातं. अंदाजे दिवसाला एक तास भरून निघतो. म्हणून उतरल्या उतरल्या गाडी भाड्याने घेऊन निघू नका. ‘तिथेही डावीकडूनच चालवतात, काय अवघड आहे’ हे मी ऐकलंय. प्रश्न बाजूचा नाहीच, तुमच्या मेंदूत पहाटेचे तीन वाजलेत हा आहे. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाऊन पावणेपाचशे किलोमीटर, सरळ सुंदर रस्ता, आणि सरळ रस्त्यावरच डुलकी लागते. पहिला दिवस चालत फिरा, उन्हात बसा, रात्री नऊपर्यंत कसंही करून जागे रहा. बंजी तिसऱ्या दिवशी.

आणि शेवटचं, बॅग. न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती, बिया, फळं यांबद्दल प्रचंड कडक आहेत. खाण्याची किंवा झाडापासूनची कुठलीही वस्तू अरायव्हल फॉर्मवर लिहायची. लिहिलीत तर फार तर काढून घेतील, लिहिली नाहीत आणि सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड, त्यांचे डॉलर. आता आठवा: आईने ओटीत दिलेला नारळ, सुपाऱ्या, पर्समधला गजरा, शेरवानीच्या खिशात अडकलेल्या अक्षता. शेरवानी तुम्ही नेणार नाही, पण तीच बॅग नेणार ना? तिचे कप्पे उलटे करून झटका. ट्रेकिंग शूजसुद्धा फॉर्मवर लिहावे लागतात आणि ते तळवे तपासतात. राजगडाचा चिखल अजून तळाला असेल, तर निघायच्या आधी जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, आणि नीट वाळवून मगच बॅगेत टाका.